मेणातली गाठ

परवा विष्णुपुरीत संध्याकाळी फिरून येताना एक जुना विद्यार्थी भेटला. हातात छोटीशी पिशवी. म्हणाला, "सर, आईच्या पोटातली गाठ आहे यात. मेणाचा ठोकळा. मुंबईला तपासायला न्यायचाय." मला एकदम अण्णा आठवले. नातेवाइकांना ती हकिकत ठाऊक आहे, पण तिच्यामागचा इतिहास मी कधी लिहिला नव्हता. मी विज्ञानाचा मास्तर नव्हे, इतिहासाचा, तेव्हा तेवढाच सांगतो.

१९९७ साली थोरले बंधू अण्णा यांच्या जठरातली गाठ काढली. रिपोर्टात लिहून आलं, जठराच्या भिंतीतल्या स्नायूचा कॅन्सर. त्यात कुणाची चूक नव्हती. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या पेशी टकळीच्या चातीसारख्या, निमुळत्या दिसतात. (आम्ही शाळेत टकळीवर सूत काततच होतो, म्हणून हे मला लगेच कळलं.) स्नायूच्या गाठीतल्या पेशी तशाच आणि नसांच्या आवरणातल्याही तशाच. १९८३ मध्ये मझुर आणि क्लार्क यांनी शंका काढली होती की यातल्या बऱ्याच गाठी स्नायूच्या नाहीतच. पण मग कशाच्या?

उत्तर मिळालं ते एका वेगळ्याच रंगातून. १९४१ साली, म्हणजे परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी, तिकडे हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला. प्रतिपिंड आपल्या ठरलेल्या प्रथिनालाच जाऊन चिकटतो, म्हणजे जिथे रंग दिसेल तिथे ते प्रथिन आहे. पुढे १९६६ च्या सुमारास मुळ्याच्या कुळातल्या एका कंदातलं विकर प्रतिपिंडाला जोडलं गेलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तपकिरी खूण दिसू लागली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे हवे तितके प्रतिपिंड करण्याची रीत काढली. त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं.

मग १९९८ साली जपानमध्ये हिरोटा आणि सहकाऱ्यांनी या गाठींत 'किट' नावाचं प्रथिन दाखवलं. तपासणीत त्याला सीडी ११७ म्हणतात. आतड्याच्या भिंतीत काहाल पेशी असतात, आतड्याच्या हालचालीचा ताल त्या धरतात. हे प्रथिन त्यांच्यातही असतं. म्हणजे या गाठी त्यांच्या गोत्रातल्या! बहुतेक गाठींत हे 'किट' बिघडून सतत चालू राहिलेलं असतं. ते बंद करणारी इमॅटिनिब ही गोळी मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या एका बाईंना दिली आणि त्यांच्या गाठी आक्रसल्या.

२००६ मध्ये अण्णांच्या यकृतात गाठी दिसल्या. नव्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल? "जुना ठोकळा आहे का?" नऊ वर्षांपूर्वीचा ठोकळा! पण होता. रुमालात बांधून मी तो देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला नेला. स्नायूची खूण, डेस्मिन, निगेटिव्ह. सीडी ११७ पॉझिटिव्ह. गाठ तीच होती, फक्त तिचं नाव बदललं. जुन्या नावाला केमोचा फारसा उपयोग नव्हता, नव्या नावाला रोजची गोळी होती.

गोळीची किंमत हा वेगळाच घोर. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला लाखाच्या वर पैसे पडत, देशी औषध आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांनी कंपनीचं म्हणणं फेटाळलं. अण्णांनी ते कात्रण औषधांच्या डब्यात ठेवलं होतं. ते गेले २०१४ मध्ये. मधली आठ वर्षं मिळाली, दोन नातवंडांची बारशी त्यांनी पाहिली.

त्या पोराला म्हटलं, ठोकळा उन्हात ठेवू नकोस, आपल्याकडच्या उन्हात मेण मऊ पडतं. आणि पहिल्या रिपोर्टाची झेरॉक्स सोबत ने.