व्रजपर्यग्र, अथवा रानांतील राजकीय गोधनाची मोजदाद किती दिवसांनीं होत असे

गुरांच्या धन्यानें आपलीं गुरें किती वेळां नजरेखालीं घालावीं, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु ज्या समाजांत गोधन हेंच मुख्य धन, त्या समाजाची हिशेबाची रीत समजून घ्यावयाची तर तेथूनच आरंभ करावा लागतो. धान्य कोठारांत घातलें कीं त्याला कुलूप लावतां येतें. गुरूं चालतें, वितें, हरवतें, मरतें, आणि शेजारच्या खिल्लारांत मिसळलें कीं ओळखूं येईनासें होतें. या प्रश्नाचें उत्तर आपल्या ग्रंथांतून एका वाक्यांत दिलेलें सांपडत नाहीं. तें आडवाटेनें काढावें लागतें. तसें तें काढतां येतें, एवढेंच या टिपणांत दाखवावयाचें आहे.

घरच्या गुरांपुरता स्मृतिकारांचा नियम स्पष्ट आहे. स्वामी आणि पाल यांचा विवाद हें मनूच्या अठरा व्यवहारपदांपैकीं एक होय. याज्ञवल्क्य (व्यवहाराध्याय, श्लोक १६४) म्हणतो कीं, सकाळीं जशीं सोंपविलीं तशींच गुरें गुराख्यानें सायंकाळीं परत करावीं. कल्याणीस चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत ग्रंथ लिहिणारा विज्ञानेश्वर मिताक्षरेंत यावर मोजणीची भर घालतो: धन्यानें मोजून द्यावीं व गुराख्यानें मोजूनच परत करावीं. मनूनें (८.२३०) जबाबदारीची वांटणी दिवस व रात्र अशी केली आहे. दिवसा बोल गुराख्याकडे; रात्रीं गुरें धन्याच्या घरीं बांधलेलीं असतील तर धन्याकडे. म्हणजे येथें दिवसांतून दोनदां मोजणी झाली. ज्या घरीं दावण आहे तेथें बोटें मोडण्याचीही गरज नसते. रिकामें दावें आपण होऊनच सांगतें. विराटाच्या पदरीं गोसंख्येच्या कामावर राहिलेल्या सहदेवानें घेतलेलें तंतिपाल हें नांव याच वस्तूवरून आलें आहे. वासरें ओळीनें बांधावयाची लांब दोरी ती तंति, म्हणजे आपली दावणच.

पण हा नियम रानांत लागू पडत नाहीं. राजाचीं गुरें हजारोंनीं असत व तीं नगरापासून दूर, ऋतूप्रमाणें कुरणें बदलीत, घोषांत किंवा व्रजांत राहत. तीं सायंकाळीं कोणाच्या दारीं परत येणार? विराटाची साठ हजार गुरें कौरवांनीं वळविलीं, ही बातमी गवाध्यक्ष रथ पिटाळीत नगरांत आला तेव्हां राजवाड्यास कळली, असें विराटपर्वांत वर्णन आहे. संख्या काव्यांतील म्हणून सोडून द्यावी. परंतु धनी एकीकडे आणि धन दुसरीकडे ही स्थिति काव्यांतली नव्हे.

या स्थितीचा विचार सर्वांत बारकाईनें केलेला आढळतो तो कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील गोऽध्यक्ष या एकोणतिसाव्या अध्यायांत. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या ताडपत्राच्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं छापून काढला, व पुढें र. पं. कंगले यांची संशोधित आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० मध्यें प्रसिद्ध केली, हें वाचकांस विदित आहेच. ग्रंथाच्या कालाविषयींचा वाद येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. तो मौर्यकालीन माना अथवा त्यानंतर दोनतीन शतकांनीं सिद्ध झाला असें माना, प्रस्तुत विवेचनास बाध येत नाहीं.

गोऽध्यक्षानें ज्या बाबींची माहिती ठेवावयाची त्यांत व्रजपर्यग्र, नष्ट व विनष्ट या तीन बाबी आपल्या कामाच्या. पर्यग्र म्हणजे एकंदर गणती. त्यांत बैल, वळू, गाभण गाई, दुभत्या गाई, भाकड गाई, कालवडी, रेडे, म्हशी अशी जातवारी लावून शेवटीं वासरांचा नियम दिला आहे. महिना-दोन महिन्यांच्या वासरास डाग द्यावा. बाहेरून येऊन महिना-दोन महिने राहिलेल्या जनावरासही डाग द्यावा. आणि डाग, अंगचें चिन्ह, रंग व दोन शिंगांमधील अंतर अशीं लक्षणें लिहून नव्या पैदाशीची नोंद करावी.

पाहणी किती दिवसांनीं, याचें उत्तर आमच्या मतें या महिना-दोन महिन्यांतच आहे. समजा, डाग देणारा अधिकारी दोन महिन्यांनीं एकदां व्रजांत जातो. त्याच्या एका खेपेच्या वेळीं जें वासरूं वीस दिवसांचें असेल तें लहान म्हणून सोडून द्यावें लागेल. आणि पुढच्या खेपेस तें दोन महिने वीस दिवसांचें झालेलें असेल, म्हणजे मुदत टळली. एकही वासरूं या मुदतीबाहेर जाऊं नये अशी इच्छा असेल तर दोन खेपांमधील अंतर एका महिन्याहून अधिक असतां उपयोगी नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं, नियमाचा अर्थ पहिल्या वा दुसऱ्या महिन्यांत केव्हांही, असा सैलच घ्यावा. तसा घेतला तरी अंतर दोन महिन्यांच्या पलीकडे जात नाहीं. आम्हांस महिन्याचाच पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, व त्याचें कारण त्याच अधिकरणाच्या सातव्या अध्यायांत आहे. अक्षपटलांतील हिशेबांचा मेळ घालण्याच्या मुदती तेथें दिवस, पांच रात्री, पक्ष, महिना, चातुर्मास्य व वर्ष अशा सांगितल्या आहेत. दोन महिन्यांची मुदत त्यांत नाहीं. वर्षाचे हिशेब आषाढी पौर्णिमेस गोळा होत. व्रजाचा कागद या चौकटींत बसवावयाचा तर तो महिन्याचाच असला पाहिजे.

येथें एक अडचण आहे ती लपवून चालणार नाहीं. डाग देणारा अधिकारी कशावरून? डागण्याचें लोखंड गुराख्यांच्याच हातीं असेल, तर वरचें सर्व गणित फुकट जाईल. परक्याच्या जनावरावर राजाचा डाग उठवून तें आपल्या कळपांत ओढणाऱ्यास दर जनावरामागें पूर्वसाहस दंड सांगितला आहे. त्यावरून तें लोखंड कोणाच्या तरी हातीं लागत असे, हें उघड आहे. तथापि भाषेकडे लक्ष द्यावें. चारावें, पाण्यावर न्यावें, घंटा बांधावी, मेलेल्याची खबर द्यावी, हीं गुराख्यांचीं कामें सांगतांना ग्रंथकार बहुवचनी क्रियापदें वापरतो. अङ्कयेत् व निबन्धयेत् हीं मात्र एकवचनी आहेत. शंभर जनावरें एकानें पाळावीं अशा ठिकाणीं एकवचन गुराख्यासही लागतें, पण तेथें एकः हें पद स्पष्ट घातलें आहे. तसें पद नसतां एकवचनाचा कर्ता अध्यायाच्या आरंभीं आलेला गोऽध्यक्षच घ्यावयाचा. त्याचा माणूस जाई कीं तो स्वतः जाई, हा भेद आपल्या प्रश्नास गौण आहे.

दोन खेपांच्या मधल्या दिवसांचें काय? तेथें धन्याचा डोळा नाहीं, म्हणून ग्रंथकारानें डोळ्याच्या जागीं कातडें ठेवलें आहे. चोरानें नेलेलें, दुसऱ्या कळपांत शिरलेलें किंवा चुकलेलें तें नष्ट. चिखलांत रुतून, कड्यावरून पडून, रोगानें, म्हातारपणानें, झाड वा दरड अंगावर पडून, वाघ, साप, सुसर किंवा वणवा यांनीं मेलेलें तें विनष्ट. गुराख्यांनीं ही खबर दिलीच पाहिजे, न दिल्यास जनावराची किंमत भरावी. नुसत्या खबरेवर भागत नाहीं. गाय किंवा म्हैस मेली तर डाग असलेलें कातडें, शेळीमेंढी मेली तर खूण असलेला कान, घोडा, गाढव, उंट मेला तर शेंपूट व डागाचें कातडें आणून दाखवावें लागे. मनूनेंही (८.२३४) मेलेल्या जनावराचे कान, कातडें, स्नायु, गोरोचन वगैरे धन्याकडे पोंचवून खुणा दाखवाव्या असें सांगितलें आहे. आतां डागाचें महत्त्व कळतें. ज्या वासराला डाग नाहीं तें मेलें काय, विकलें काय, कागदास ठाऊकच नाहीं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा एवढा कटाक्ष. जाणूनबुजून मारणाऱ्यास वा चोरणाऱ्यास वधाची शिक्षा होती. ती ऐकून कांहीं पंडित कौटिल्याच्या क्रौर्यावर घसरतात. परंतु ज्या रानांत महिन्यांतून एकदांच धन्याचें माणूस फिरकतें, तेथें दंड जबर असावयाचाच.

हीच गोष्ट वेतनाच्या नियमांतही दिसते. गोपालक, दोहक, मंथक वगैरे मंडळीस पगार रोख द्यावा, दुधातुपांत देऊं नये. कारण दुधावर पोट असलें कीं ते वासरांस उपाशी मारतील, असें कारणही ग्रंथकारानें दिलें आहे. शिशिर, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत एक वेळच दोहन करावयाचें, दुसऱ्यांदा धार काढणाऱ्याचा अंगठा तोडावा. रानांत दुसरी धार काढतांना कोण पाहणार? पाहणारा नसतोच, साक्ष वासराच्या बरगड्यांची.

महाभारतांतील घोषयात्रापर्व यास ताडून पाहण्याजोगें आहे. सुखटणकरांनीं संपादिलेला आरण्यकपर्वाचा पाठ भांडारकर संस्थेनें १९४२ मध्यें प्रसिद्ध केला, तो हातीं असलेल्यांस तें सहज पाहतां येईल. द्वैतवनांत पांडवांस हिणवावयास जाण्याचें निमित्त म्हणून कर्ण व शकुनि धृतराष्ट्रास सांगतात कीं, गुरांच्या स्मारणाची व वासरांस डाग देण्याची वेळ आली आहे. स्मारण हा येथें मोजदादीचा पारिभाषिक शब्द आहे. निमित्त खोटें असलें तरी तें पटण्यासारखें होतें, म्हणूनच तें निवडलें. यावरून राजानें अधूनमधून स्वतः व्रजांत जाण्याची वहिवाट सिद्ध होते. दुर्योधन तेथें गेल्यावर गुरें डागांवरून तपासतो, वासरांस डाग देववितो व तीन वर्षांच्या जनावरांची वेगळी नोंद करवितो. मासिक पाहणीपेक्षां ही निराळी व क्वचित् होणारी असावी. धृतराष्ट्र परवानगीच्या बोलण्यांत म्हणतो कीं, गुरांची पाहणी चांगलीच, परंतु बल्लवांवर विसंबूं नये. आंधळ्या राजाच्या तोंडीं कवीनें घातलेलें हें वचन कौटिल्याच्या सबंध अध्यायाचें बीज म्हणतां येईल.

खुणांची चाल याहूनही जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत अष्टकर्णी गाई येतात, अथर्ववेदांत (६.१४१) वासरांच्या कानांवर खूण करण्याचें सूक्त आहे, आणि पाणिनीनें (६.३.११५) अष्ट, पंच, मणि, भिन्न, छिन्न, छिद्र, स्रुव, स्वस्तिक अशा कानांवरील खुणांचीं नांवेंच दिलीं आहेत. पुढें अल्लाउद्दीन खलजीनें लष्करी घोड्यांस दाग व हुलिया लावला आणि अकबरानें १५७३-७४ च्या सुमारास ती पद्धति पुन्हा चालू केली, तेव्हां गरज तीच होती. डाग, रंग व शिंगांतील अंतर ही गुरांची चेहरेपट्टीच नव्हे काय? एकानें दुसऱ्याची उचल केली असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

मराठ्यांच्या बारा महालांत थट्टी हा गुरांचा महाल होता. थट्टी म्हणजे बांधलेलीं गुरें. तेथें याज्ञवल्क्याचा सकाळ-संध्याकाळचा नियम सहज लागू पडे. रानावर सोडलेल्या सरकारी खिल्लारांची गोष्ट निराळी. ज्यांच्या दप्तरांत अशा खिल्लारांचे झाडे वा हजिऱ्या असतील त्यांनीं गुरांच्या संख्येइतकेंच कागदावरील मितींकडेही पाहावें. एकाच खिल्लाराचे लागोपाठचे दोन झाडे जुळले, तर मधल्या मितींचें अंतर मोजून तें कौटिल्याच्या महिन्याशीं ताडतां येईल. आणि मेलेल्या जनावरांपुढें कातडें जमा केल्याचा शेरा असेल, तर तो शब्दशः उतरून घेण्याजोगा आहे.