सर्वांगीण मानवी विकासात धर्म व शासन यांची भूमिका : महाडच्या चवदार तळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
सर्वांगीण मानवी विकास म्हणजे केवळ उत्पन्नातील वाढ नव्हे. आरोग्य, शिक्षण, सार्वजनिक जीवनातील सहभाग आणि माणूस म्हणून लाभणारी प्रतिष्ठा यांचाही त्यात अंतर्भाव होतो. विकासाची साधने निर्माण करणे हे शासनाचे कार्य होय. परंतु ती कोणी वापरावीत, हे भारतीय समाजात दीर्घकाळ धर्मरूढीने ठरविले. या दोन सत्तांचा परस्परसंबंध महाडच्या घटनाक्रमातून स्पष्ट होतो.

ठराव आणि रूढी :
४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक निधीतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार जानेवारी १९२४ मध्ये कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तथापि सवर्णांच्या विरोधामुळे हा निर्णय कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. सत्याग्रही वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली व त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. रूढीपुढे शासनसंस्थेनेच माघार घेतली, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

दुहेरी मार्ग :
२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. विषमतेच्या धार्मिक अधिष्ठानालाच हे आव्हान होते. मात्र तळ्याबाबत न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम असल्याने सत्याग्रह स्थगित ठेवून कायद्याचा मान राखला गेला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. घोटभर पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे लागली.

निष्कर्ष :
शासन हक्क देऊ शकते; तो बजावण्याजोगे वातावरण समाजाच्या धर्मभावनेतून घडते. पुढे अनुच्छेद १७ द्वारे संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, तर १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नागपूर येथे समतेचा पुरस्कार करणाऱ्या बौद्ध धम्माचा स्वीकार केला. कायदा हाती असतानाही त्यांना धर्माचा प्रश्न सोडविणे अगत्याचे वाटले. म्हणूनच विकासाचे मूल्यमापन करताना साधने किती निर्माण झाली, एवढेच पाहून भागणार नाही. त्यांच्यापर्यंत कोण निर्भयपणे पोहोचू शकतो, हेही तपासणे आवश्यक ठरते.