मृगयेंतील अंतर्वस्त्र : ‘उपसंव्यान’ व ‘वारबाण’ या शब्दांचा पुनर्विचार

मृगयेच्या शस्त्रांविषयीं, श्वानांविषयीं, श्येनांविषयीं आणि मृगांच्या जातींविषयीं संस्कृत ग्रंथांतून विपुल माहिती मिळते. परंतु शिकारीस निघालेल्या पुरुषानें अंगास लागून काय घालावें, या प्रश्नाकडे अभ्यासकांचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. प्रश्न क्षुद्र वाटेल. पण ज्यानें सह्याद्रीच्या माथ्यावर एकाच दिवसांत ऊन, धुकें आणि पाऊस हीं तिन्ही अनुभविलीं असतील त्यास तो तसा वाटणार नाहीं. शिकारी धांवतो तेव्हां घामानें भिजतो. पुढें झुडपाआड घटकाच्या घटका निश्चल बसतो, तेव्हां तोच घाम त्यास गारठवितो. वरून सर आली तर ओल बाहेरूनहि शिरते. अशा वेळीं वरच्या आवरणापेक्षां आंतल्या वस्त्राची निवड अधिक महत्त्वाची ठरते. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्ग बंद झाला, तेव्हां आमच्यापुरता हा प्रश्न आतां पोथ्यांतलाच उरला आहे.

लेखास प्रवृत्त होण्याचें आणखी एक कारण आहे, तें आधींच सांगून टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका सभेंत वाचलेल्या निबंधांत आम्हीं ‘वारबाण’ म्हणजे लोखंडी चिलखत, असें ठाम विधान केलें होतें. नांवांत बाण दिसला आणि आम्ही मोहांत पडलों. तें विधान चुकीचें होतें व तें येथें मागें घेत आहों.

प्रथम व्याकरण पाहूं. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील छत्तिसाव्या सूत्रांत पाणिनीनें ‘अंतर’ या शब्दास दोन अर्थीं विकल्पानें सर्वनामसंज्ञा सांगितली आहे : एक बाहेरचा या अर्थीं व दुसरा उपसंव्यान या अर्थीं. काशिकाकार उपसंव्यानाचा खुलासा करतांना सांगतात कीं, तें परिधानीय होय, प्रावरणीय नव्हे. म्हणजे अंगांत घालावयाचें, वरून पांघरावयाचें नव्हे. उदाहरण दिलें आहे तें शाटकांचें, म्हणजे न शिवलेल्या वस्त्रांचें. अमरानें मात्र अंतरीय, उपसंव्यान, परिधान व अधोंशुक हे चारी शब्द एका ओळींत बसवून अर्थ कमरेखालच्या वस्त्रापुरता आंखडून टाकला. आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांकडून ती ओळ पाठ करून घेतली आणि ‘उपसंव्यान म्हणजे धोतर’ असें सांगून मोकळे झालों. परंतु परिधानीय आणि प्रावरणीय हा काशिकेंतील भेद कमरेवरच्या वा कमरेखालच्या जागेचा नसून आंतल्या व बाहेरच्या थराचा आहे. उपसंव्यान हा शब्द एके काळीं अंगास लागून असणाऱ्या कोणत्याहि वस्त्रास लावीत असावेत, असें आम्ही सुचवितों. सिद्ध झालें असें म्हणत नाहीं.

आतां वरचा थर. रघुवंशाच्या नवव्या सर्गांत वसंतवर्णनानंतर दशरथाची मृगया येते. राजानें वनांत जाण्यास योग्य असा वेष केला व त्याचा ‘तनुच्छद’ वृक्षांच्या पानांच्या वर्णाचा होता, असें कवि सांगतो. मल्लिनाथ तनुच्छदाचा अर्थ वर्म, म्हणजे चिलखत, असा करतो. मल्लिनाथाशीं मतभेद नोंदवितांना संकोच होतो. शिवाय त्याच सर्गांत राजाची गांठ वराह, महिष व सिंह यांच्याशींहि पडते, तेव्हां त्याचा अर्थ अगदींच टाकाऊ नव्हे. पण मूळ शब्द केवळ ‘अंग झांकणारें’ एवढेंच सांगतो, आणि पानांचा रंग लोखंडापेक्षां कापडास सहज चढतो. अर्थ कोणताहि घ्या, त्या तनुच्छदाखालीं कांहीं तरी असलेंच पाहिजे. उघड्या कातडीवर चिलखत कोणी चढवीत नाहीं. त्या आंतल्या वस्त्राविषयीं कालिदास मौन धरतो.

वारबाणाचा निकाल लावण्यास तीन साक्षी पुरेशा आहेत. अमरानें क्षत्रियवर्गांत कंचुक व वारबाण यांची जोडी दिली असून वर्म, दंशन, कवच इत्यादि शब्द निराळे ठेविले आहेत. हर्षचरिताच्या सातव्या उच्छ्वासांत बाणानें राजांचे वेष वर्णितांना कंचुक, वारबाण, चीनचोलक व कूर्पासक असे चार प्रकार सांगितले असून वारबाण ‘स्तवरक’ नांवाच्या कापडाचे म्हटले आहेत. वासुदेवशरण अग्रवाल यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या हर्षचरिताच्या सांस्कृतिक अध्ययनांत हें कापड इराणकडील असल्याचें दाखविलें आहे. (याच यादींतील कूर्पासकाची व्युत्पत्ति टीकाकार कोपराशीं जोडतात. आमच्या खेड्यांतील कोपरी पाहिलेल्या वाचकांस ती पटण्यास अडचण पडूं नये.) तिसरी साक्ष कौटिल्याची, आणि तीच निर्णायक आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोशांत घ्यावयाच्या वस्तूंची परीक्षा सांगतांना तो वारबाणाची गणना लोकरी वस्त्रांत करतो. म्हणजे वारबाण हा लोकरीचा अंगरखा. बाणानें वर्णिला तो त्याचा दरबारी अवतार. शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, आणि इतकीं वर्षें तो आमच्या कपाटांत असतांना आम्ही कोशावर विसंबून राहिलों.

त्याच प्रकरणांत आमच्या विषयास अत्यंत उपयुक्त अशीं आणखी दोन वाक्यें आहेत. एकांत नेपाळच्या ‘भिंगिसी’ नामक काळ्या लोकरी वस्त्राचें वर्णन आहे : आठ तुकडे जोडून केलेलें व पाऊस वारणारें. हें उघडच प्रावरण. दुसऱ्यांत उत्तम लोकरीची कसोटी दिली आहे : ती गुळगुळीत, जणूं ओलसर, सूक्ष्म आणि मृदु असावी. ओलसर भासणें हा लोकरींत राहिलेल्या मेणचट अंशाचा स्पर्श असावा, असा आमचा तर्क आहे. पण सूक्ष्मता आणि मार्दव यांची कसोटी पावसाळी पांघरुणास कशाला हवी? जें वस्त्र कातडीस लागतें त्यासच ती हवी. एकाच वर्गांत जाड व जलनिवारक अशी एक जात आणि मऊ व सूक्ष्म अशी दुसरी, हा भेद कौटिल्याच्या काळच्या व्यवहारांत रुळलेला होता, असें आम्हांस वाटतें.

गंमत अशी कीं, मृगयेच्या गुणदोषांची चर्चा करतांना हाच कौटिल्य वस्त्रांविषयीं एक अक्षर काढीत नाहीं. आठव्या अधिकरणांत पिशुनाच्या मतें शिकारीचे धोके असे : चोर, शत्रु, श्वापदें, वणवा, ठेंच, भय, दिशाभूल, भूक, तहान आणि प्राणसंकट. यांत गारठा नाहीं, ओलहि नाहीं. कौटिल्य उत्तरादाखल जे गुण सांगतो त्यांत व्यायाम आहे आणि कफ, पित्त, मेद व स्वेद यांचा नाश आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांतील सेनापति हीच स्तुति काव्यांत करतो. राजाचें शरीर ऊन सोसणारें आहे व घामाचा त्यावर परिणाम होत नाहीं, असें तो सांगतो. परंतु तें नाटक ग्रीष्मांतलें. घाम थंड झाल्यावर काय होतें, याची चौकशी तेथें कोण करणार!

ती चौकशी वैद्यांनीं केली आहे, पण गृहस्थासाठीं. चरकाच्या सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायांत वर्षाऋतूंत हलकें व स्वच्छ वस्त्र नेसावें आणि ओल नसलेल्या जागीं राहावें, असें सांगितलें आहे. सोळाव्या शतकांतील भावप्रकाश आणखी पुढें जातो : कौशेय, लोकरी व तांबडें वस्त्र वात आणि कफ हरण करतें म्हणून थंडींत, काषाय वस्त्र शीतल व पित्तनाशक म्हणून उन्हाळ्यांत, शुभ्र वस्त्र उष्णहि नव्हे व शीतहि नव्हे म्हणून पावसाळ्यांत. येथें नियमाची वांटणी ऋतूंनीं केली आहे. पण ज्या शिकाऱ्याच्या वांट्यास सकाळीं हेमंत, दुपारीं ग्रीष्म आणि सायंकाळीं वर्षा येते त्यानें काय करावें? ओल नसलेली जागा त्यास कोठून मिळणार? आमच्या मतें त्यानें या नियमांतील पहिलाच भाग धरावा आणि कौशेय किंवा मऊ लोकर अंगास लावावी. पावसाळ्याच्या नियमांत ‘शुभ्र’ हा रंग सांगितला आहे, सूत सांगितलें नाहीं, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. तेथें कापूस गृहीत धरण्याची चूक आम्हींहि केली होती. अलीकडील मापनेंहि या मतास अनुकूल आहेत : लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनहि हातास ओली लागत नाहीं, आणि भिजलेलें सुती वस्त्र मात्र कातडीस चिकटून शरीराची ऊब ओढून घेतें.

सोमेश्वराच्या मानसोल्लासांत ‘वस्त्रोपभोग’ तिसऱ्या विंशतींत आहे आणि मृगया चौथींत. हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून कोणी वाचलीं तर आणखी कांहीं निष्पन्न होईल. गायकवाड प्राच्यमालेंत हा ग्रंथ १९२५, १९३९ व १९६१ या सालीं तीन भागांत निघाला आहे.

ग्रंथांबाहेरची एक आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पाटण खोऱ्यांत पोथ्यांच्या शोधार्थ हिंडत असतां एकदां घाट चढून घामाघूम झालों आणि माथ्यावर पावसानें गांठलें. अंगांत सुती पैरण, वर चांगली रबरी छत्री. एका धनगराच्या वाड्यांत आसरा घेतला, तेव्हां दांतावर दांत वाजत होते. म्हातारा म्हणाला, “मास्तर, ती पैरण आदी काडा. वलं सूत अंगाशी ठिवू नगा. घोंगडं उघड्या अंगाला लावा.” तसें केलें. लोकर रात्रभर टोंचत राहिली, पण हुडहुडी घटकेभरांत थांबली. कौटिल्यानें ‘मृदु’ हें विशेषण कां घातलें, तें त्या रात्रीं आमच्या पाठीस समजलें.

ज्यांच्या संग्रहीं भावप्रकाशाच्या जुन्या हस्तलिखित प्रती असतील त्यांनीं वस्त्रधारणाच्या श्लोकांतील ‘शुक्ल’ हा पाठ ताडून पाहावा. वस्तुवाचक असा एखादा पाठभेद मिळाल्यास वरील अनुमान बदलावें लागेल. त्याचप्रमाणें संस्थानी जामदारखान्याच्या याद्यांत शिकारीच्या पोषाखाची निराळी नोंद आढळल्यास ती याच त्रैमासिकांतून प्रसिद्ध करावी, अशी विनंति आहे.