शाहू महाराजांचा खंड्या आणि आमचा कित्मीर

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला छत्रपती घराण्याच्या समाध्या आहेत. त्यांच्यातच एक समाधी कुत्र्याची म्हणून दाखवतात. थोरल्या शाहू महाराजांचा तो कुत्रा, नाव खंड्या.

साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी राहिलेल्या ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात या कुत्र्याची हकीकत आहे. शाहू महाराजांनी एकदा भर दरबारात कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर स्वतः कधी डोक्याला काही घातलं नाही. कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद निघाली, पालखीचा मान मिळाला आणि पालखीचा सरंजामही चालू राहिला. डफ हे सगळं मनाचा तोल गेल्याच्या खात्यात जमा करतो. पण तोच पुढे लिहितो की वाघाच्या शिकारीत या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला होता. मला यात वेड दिसत नाही. जीव वाचवणाऱ्या सरदाराला जे मिळालं असतं, तेच खंड्याला मिळालं.

हे आज लिहितोय त्याला कारण आमच्या अंगणात आहे. खुटबावच्या आमच्या घरी एक ग्रेट डेन राहतो. कुणीतरी हौसेनं घेतलेला आणि वाढल्यावर नकोसा झालेला. वजन साठ किलोच्या वर. उभा राहिला की त्याचं तोंड जेवणाच्या टेबलापर्यंत येतं. पाहुणे फाटकातूनच हाक मारतात. शेजारचे अण्णा विचारतात, "सर, तुमच्यात कुत्रं चालतं का?" आमचे मामू म्हणतात, "मास्तर, घर में फरिश्ते कैसे आएंगे?" एकाचा प्रश्न कुतूहलाचा, दुसऱ्याचा काळजीचा. पण मुसलमान आणि कुत्रा यांचं जमत नाही, हे दोघांनीही गृहीत धरलेलं.

फरिश्त्यांची हदीस आहे, ती मी नाकारत नाही. शिकारीसाठी, जनावरांसाठी आणि शेतासाठी कुत्रा पाळायला सवलत देणाऱ्या हदीसही आहेत. मालिकी फिकहमध्ये कुत्रा पाक मानला आहे. आपल्या हनफींमध्ये त्याची लाळ नापाक आहे. म्हणून त्याचं भांडं वेगळं, नमाजची खोली त्याला बंद, लाळ लागली तर कपडा धुवायचा. एवढ्यानं भागतं.

सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांचा कुत्रा उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे. लोक त्या तरुणांची संख्या तीन, पाच, सात अशी वेगवेगळी सांगतात, पण प्रत्येक वेळी कुत्रा मोजला जातोच. तफसीरच्या परंपरेत त्याचं नाव कित्मीर. आमच्या कुत्र्याला मी तेच नाव दिलं. (गावातली पोरं त्याला खंड्याच म्हणतात.) सन 630 च्या मक्केच्या मोहिमेची एक गोष्ट अल-वाकिदीनं नोंदवली आहे. वाटेत पिल्लांना पाजणारी एक कुत्री दिसली. लष्करातल्या कुणी तिला त्रास देऊ नये म्हणून पैगंबरांनी जुऐल बिन सुराका यांना तिथे पहाऱ्यावर उभं केलं. ही गोष्ट आमच्या मदरशांतून का सांगितली जात नाही?

बगदादमध्ये इब्न अल-मर्झुबाननं तर कुत्र्यांवर पुस्तकच लिहिलं. त्याचा मृत्यू 921 चा. कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्री श्रेष्ठ, अशा अर्थाचं त्याचं नाव आहे.

आणि मोठ्या जातीचे कुत्रे पाहिजेत तर जहांगीर बादशहाकडे या. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी याचं प्रवासवर्णन 1655 साली छापलं गेलं. त्यात विलायतेहून पाठवलेल्या मॅस्टिफ कुत्र्यांची कथा आहे. दरबारापर्यंत दोनच जिवंत पोचले. बादशहा खूश झाला. प्रत्येकामागे चार नोकर ठेवले: दोन पालखीतून फिरवायला, दोन वारा घालून माश्या हाकलायला. बादशहाला स्वतःच्या हातानं भरवता यावं म्हणून चांदीचा चिमटा घडवला.

आमच्याकडे नोकर मी एकटाच. कित्मीरला सकाळी शाळेआधी एकदा खायला द्यायचं आणि मगरिबनंतर एकदा. दोन वेळा वाटून द्यावं लागतं, कारण या जातीत एकदम भरपूर खाल्लं तर पोट फुगून पिळ पडतो आणि कुत्रा काही तासांत दगावू शकतो. या जातीचं आयुष्यही थोडं, आठ-दहा वर्षांचं. आमच्याकडे आला तेव्हाच तो चारचा होता.