पाकिटातलं चित्र आणि कट्ट्यावरचं लेबल

1821 साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी लष्करी छावणी वसवली आणि तिच्या आधाराने कामठी वाढली. छावणी म्हटली की सोल्जर आले आणि सोल्जर म्हटला की सिगारेट. सुरुवातीचं सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं असे. सिगारेटी दबू नयेत म्हणून अमेरिकेतल्या कंपन्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आत पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागल्या. मग त्यावर खेळाडू, नट्या, सेनापती छापले जाऊ लागले आणि त्यामागे क्रमांक टाकून मालिका निघाल्या. पन्नास कार्डांतली दोन-तीन हुकली, की गिऱ्हाईक पुढचं पाकीट घेणारच!

इंग्लंडच्या विल्स कंपनीने हीच युक्ती हिंदुस्थानातल्या पलटणींसाठीही वापरली. तिच्या ‘सिझर्स’ सिगारेटबरोबर 1912 च्या सुमारास भारतीय रेजिमेंटांची मालिका निघाली. फेटा, पट्टा, बिल्ला सगळं रंगीत, आणि आकार जेमतेम दोन बोटं रुंद. 1930 च्या दशकात ब्रिटिश कंपन्या एक पेनीला अल्बम विकत आणि कार्डांच्या पाठीला आयता गोंद लावून देत. पोरांची सोय झाली, पण कार्डांची वाट लागली. पाठीवर छापलेली माहिती कायमची झाकली गेली. आज चिकटवलेल्या संचापेक्षा सुट्ट्या संचाला संग्राहक जास्त मोल देतात, ते याचमुळे. 1940 मध्ये युद्धकाळातल्या कागदटंचाईने ब्रिटनमधली ही प्रथा बंद पडली.

कामठीचं स्वतःचं चित्र मात्र सिगारेटच्या पाकिटात नव्हतं. ते होतं बिडीच्या कट्ट्यावर. इथल्या घराघरांत तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बिड्या वळल्या जात. कट्ट्याला वेढा घालणारं लेबल पातळ कागदाचं, भडक रंगांचं. त्यावर नंबर, जनावर, देव, नाहीतर मालकाचा गोल चौकटीतला फोटो. वळणारे हात लेबलवर दिसत नसत. त्या हातांची संघटना बांधणारा माणूस कामठीचाच: बाबू हरदास एल. एन. (1904–1939). ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं आणि 1937 च्या निवडणुकीत ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले. कामठीच्या एखाद्या भिंतीवर लेबलांची चौकट लागलीच, तर शेजारी त्यांचं चित्र हवं. त्याशिवाय ती चौकट अर्धी.

पुढच्या पिढ्यांना काडेपेटीचे छाप मिळाले आणि नंतर ‘बिग फन’ बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची कार्डं. त्यांवरच्या धावा आणि बळी जमवायचे, दोनदा आलेल्या कार्डांची शाळेत अदलाबदल करायची. पत्त्यांसारखी खेळायची ट्रम्प कार्डं आली ती त्यापुढची. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांच्या घरी माळ्यावरच्या डब्यात हा ऐवज अजून सापडतो.

तो भिंतीवर लावायला मोठा खर्च लागत नाही. जुन्या देवाच्या तसबिरीची चौकट काचेसकट भंगारात मिळते. खर्च करायचा तो मागच्या पुठ्ठ्यावर. साध्या पुठ्ठ्यातलं आणि वर्तमानपत्रातलं आम्ल कागद पिवळा करतं, म्हणून माउंट बोर्ड आम्लरहित घ्यावा. कार्ड गोंदाने किंवा सेलोटेपने कधीच लावू नये. जुन्या अल्बममध्ये असत तसे कागदी कोपरे चारही टोकांना लावले, की कार्ड हवं तेव्हा निघतं आणि पाठही वाचता येते. काच थेट कार्डावर टेकू देऊ नये. मध्ये पुठ्ठ्याची पट्टी हवी, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने शाई काचेला चिकटते. नागपूरकडच्या उन्हात लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, तेव्हा खिडकीसमोरची भिंत टाळावी. अडीच बाय साडेतीन इंची कार्डांसाठी नऊ कप्प्यांची प्लास्टिकची पानंही मिळतात, पण पीव्हीसीची नकोत. कालांतराने ती चिकट होतात.

पातळ बिडी-लेबलाला कोपरेही पेलत नाहीत. ते दोन स्वच्छ कागदांच्या घडीत ठेवून नुसतं दाबून बसवावं. चौकटीत घालण्याआधी सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावं: कुणाकडून मिळालं, कुठल्या दुकानाचं, साधारण कोणत्या साली. घरात बिडी वळणारी आजी अजून असेल, तर हे तिला आजच विचारून घ्या.