हाली सिक्का

हाली सिक्का : हैदराबाद संस्थानचा चांदीचा रुपया. धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तेथील सारा आणि बाजारातली देवघेव याच नाण्यात होई. शेजारच्या सोलापुरात ब्रिटिशांचा कलदार रुपया चाले. सात हालींना सहा कलदार हा विनिमयाचा दर होता.

स्वरूप : विसाव्या शतकाच्या आरंभी, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, यंत्रावर पाडलेल्या रुपयावर चारमिनार आला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या आरंभीच्या रुपयाचे वजन 11.178 ग्रॅम, चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 9.14 ग्रॅम. कलदारात ती सुमारे 10.69 ग्रॅम असे. सातास सहा हा दर याच फरकाशी जुळतो. अधेली, पावली व चवलीही तेव्हा चांदीचीच होती.

ओळख : चारमिनारच्या कमानीतले फारसी लिपीतले अक्षर आधी पाहावे. ‘मीम’ असल्यास नाणे महबूब अलींचे, ‘ऐन’ असल्यास उस्मान अलींचे. उस्मान अलींच्या पहिल्या नाण्यांवर ‘ऐन’ अर्धवट आहे, पुढे ते पूर्ण झाले. संग्राहक हे दोन प्रकार वेगळे धरतात. त्यानंतर हिजरी सन आणि जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, जुळवून पाहावे. चारमिनार रुपयाची टांकसाळ हैदराबादचीच, त्यामुळे येथे अक्षर व सन हेच निर्णायक ठरतात.

जतन : पुष्कळ रुपये कडी लावून दागिन्यांत ओवले गेले. डाखाची खूण राहिलेल्या नाण्याला संग्राहक कमी मोल देतात. चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नये. झीज होऊन अक्षरे बुजतात. नाणे कोणत्या गावातून, कोणत्या व्यवहारातून आले याची नोंद सोबत ठेवावी.

कायदा : जमिनीत किंवा वाड्याच्या भिंतीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते; खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

अखेर : 1950 पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू झाला. 1959 मध्ये हाली चलन रद्द झाले आणि पुष्कळ नाणी मोडीत गेली. घराघरांत उरलेले रुपये हा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचा अस्सल पुरावा आहे. सन वाचल्याविना एकही वितळवू नये.