बाळंतिणीच्या दारातली मैत्री

श्रोतेहो, पूतनेची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने कीर्तनात, नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. पण त्या गोष्टीतला एक बारकावा आपल्या कानावरून नुसताच निघून जातो. भागवताच्या दशम स्कंधात सांगितले आहे, की पूतना गोकुळात आली तेव्हा नंद घरी नव्हता. कंसाचा वार्षिक कर भरण्यासाठी तो मथुरेला गेला होता. आणि पूतना काही केस पिंजारून, दात विचकत आली नाही. ती नटूनथटून, केसांत फुले माळून, गोड हसत आली. घरात यशोदा होती, रोहिणी होती. दोघीही तिच्याकडे पाहतच राहिल्या. “बाई, तू कोण?” असे कोणी विचारले नाही. म्हणून तर मराठीत आपण तिला ‘पूतनामावशी’ म्हणतो. नव्या आईच्या घरी संकट येते ते पुष्कळदा मावशीच्या पावलांनी येते, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच हेरून ठेवले होते.

आज मी जो इतिहास सांगणार आहे तो मात्र आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतला आहे. एकटी पडलेली नवी आई आणि तिच्या जवळ येणारी घातकी मैत्री, या विषयावर इंग्रजीत कथा-कादंबऱ्यांची आणि चित्रपटांची एक परंपराच आहे. त्यांत भुताखेतांपेक्षा मनाची भीती अधिक असते. वाचणाऱ्याला कळेनासे होते, की बाईला भास होतोय, की बाई म्हणतेय तेच खरे? या परंपरेतली एक मूळ गोष्ट म्हणजे एका बाईचे स्वतःचे दुखणे आहे. तेव्हा प्रथम तिचीच हकीकत ऐकू या.

तिचे नाव शार्लट पर्किन्स गिलमन. जन्म १८६० सालचा, कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावचा. ती लहान असतानाच बाप घर सोडून गेला. पोरीने चित्रकला शिकून, दुकानदारांच्या जाहिरातीची कार्डे रंगवून चार पैसे मिळवले. १८८४ साली चार्ल्स वॉल्टर स्टेट्सन या चित्रकाराशी तिचे लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी, १८८५ च्या मार्च महिन्यात, कॅथरिन ही मुलगी झाली.

आता इथे नीट लक्ष द्या. नवरा प्रेमळ होता. मूल धडधाकट होते. मदतीला आईही येऊन राहिली होती. बाहेरून पाहणारा म्हणेल, “आणखी काय हवं हो?” पण शार्लट तान्ह्या मुलीला छातीशी धरी आणि तिच्या डोळ्यांना धारा लागत. अंगात त्राण नाही, कशात मन नाही. त्याच वर्षीच्या अखेरीस ती कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावी, चॅनिंग नावाच्या परिचित कुटुंबाकडे जाऊन राहिली, आणि आश्चर्य असे की तिथे तिला चटकन बरे वाटले. घरी परतली आणि महिन्याभरात पुन्हा तेच! म्हणजे एकटेपणा काही घरातली माणसे मोजून ठरत नाही. सांगण्यासारखे असते ते ऐकून घेणारे कोणी आहे का, यावर तो ठरतो.

बाळंतपणानंतर मन बिघडते हे वैद्यकाला ठाऊक नव्हते असे नाही. लुई व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टराने १८५८ सालीच गर्भवती, बाळंतिणी आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या मनोविकारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला होता. परंतु रोग ठाऊक असणे निराळे आणि रोग्याचे ऐकणे निराळे. १८८७ साली शार्लटला फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टराकडे नेण्यात आले. हा माणूस लहानसहान नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मज्जातंतूंचा त्याने अभ्यास केला होता. कापलेला पाय तिथेच असल्यासारखा दुखतो, या अनुभवाचे त्याने केलेले वर्णन आजही प्रसिद्ध आहे. त्याने स्त्रियांसाठी एक ‘विश्रांती-उपचार’ काढला होता. कित्येक आठवडे बिछान्यावर पडून राहायचे, दूध आणि भरपूर सकस अन्न घ्यायचे, अंग चोळून घ्यायचे, विजेचे सौम्य झटके घ्यायचे. आणि मुख्य म्हणजे घरच्यांपासून, मैत्रिणींपासून दूर राहायचे. वाचन नाही, लेखन नाही.

सुमारे महिन्याभराने त्याने शार्लटला घरी धाडले. सांगितले ते थोडक्यात असे: होईल तितके घरातच राहा, मूल सतत जवळ ठेव, दिवसातून दोन तासच डोक्याचे काम कर, आणि जन्मात पुन्हा लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल हाती धरू नकोस. बिचारीने तीन महिने हे पाळले. परिणाम काय झाला? तिने चिंध्यांची बाहुली केली, ती दाराच्या मुठीला टांगली आणि तिच्याशी ती खेळत बसे. मनाची घुसमट असह्य झाली, की कपाटात नाहीतर पलंगाखाली सरपटत जाऊन लपे. वेड लागायला आता एकच पायरी उरली आहे, असे तिला वाटू लागले.

तिला त्या पायरीवरून मागे ओढले ते एका मैत्रिणीने. ग्रेस चॅनिंग, त्याच पॅसाडीनाच्या कुटुंबातली मुलगी. १८८८ च्या उन्हाळ्यात ग्रेस तिच्याकडे येऊन राहिली. दोघींनी मिळून नाटके लिहिली. म्हणजे डॉक्टराने जे करू नको म्हटले होते, नेमके तेच केले! आणि त्या वर्षी शार्लट लेकीला घेऊन, नवऱ्यापासून वेगळी होऊन, कॅलिफोर्नियाला गेली. तिथे १८९० साली तिने एक कथा लिहिली. पिवळ्या भिंतीकागदाची कथा. आपल्याकडे भिंतीला रंग देतात, तिकडे नक्षीचा कागद चिकटवायची चाल आहे, तोच हा कागद.

कथा अशी. एक डॉक्टर आपल्या बाळंतीण बायकोला उन्हाळ्यापुरती एका जुन्या वाड्यात घेऊन येतो. माडीवरच्या खोलीत तिला ठेवतो. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे आणि भिंतीवर मळकट पिवळा, विचित्र नक्षीचा कागद आहे. बाळ दाईकडे आहे. घर नणंद पाहते. बायको म्हणते, “मला माझ्या माणसांना भेटू दे.” नवरा गोड बोलून नाही म्हणतो. लिहायची बंदी, म्हणून ती चोरून लिहिते. बोलायला कोणी नाही, म्हणून ती कागदाकडे पाहत बसते. हळूहळू तिला त्या नक्षीमागे एक बाई दिसू लागते. वाकून चालणारी, नक्षीचे गज हलवणारी, बाहेर येऊ पाहणारी. आणि मग त्या बाईशीच तिचे सख्य जमते. एका रात्री दोघी मिळून कागद फाडायला लागतात. शेवटी नवरा दार उघडून पाहतो, तो बायको भिंतीच्या कडेकडेने खोलीभर सरपटते आहे, आणि म्हणते आहे की कागदातून सुटून आलेली ती बाई मीच! नवरा जागीच बेशुद्ध पडतो. ती त्याला ओलांडून सरपटतच राहते.

कथेतल्या बाईला जिवंत मैत्रीण मिळू दिली नाही, म्हणून तिने भिंतीतली मैत्रीण केली. त्या मैत्रिणीनेच तिला गिळले. घातकी सख्य हे असे जन्माला येते. आधी बाकीची सगळी दारे बंद होतात, मग जे एकच उघडे राहते त्यातून बाई आत जाते, ते दार कुठे नेते हे पाहायलाही थांबत नाही.

अटलांटिक मंथली या मासिकाच्या संपादकाने ही कथा परत पाठवली. ती वाचून आपल्याला इतके दुःख झाले, की तेच दुःख दुसऱ्यांना देणे आपल्याला क्षम्य वाटणार नाही, असे त्याने कळवले. १८९२ च्या जानेवारीत ती न्यू इंग्लंड मॅगझिनमध्ये छापून आली. पुष्कळ वर्षे लोक ती नुसती भयकथा म्हणून वाचत राहिले. १९७३ साली ती पुस्तकरूपाने पुन्हा निघाली, तेव्हा कुठे वाचकांच्या ध्यानात आले की यात भूत कोणतेच नाही. ही एका बाळंतिणीची तक्रार आहे. शार्लटने स्वतः १९१३ साली लिहून ठेवले, की लोकांना वेडे करण्यासाठी नव्हे, तर वेडे होण्यापासून वाचवण्यासाठी आपण ही कथा लिहिली.

आता पाऊणशे वर्षे पुढे या. १९६७ साली आयरा लेव्हिन या लेखकाची ‘रोझमेरीज बेबी’ ही कादंबरी निघाली आणि १९६८ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. न्यूयॉर्कच्या एका जुन्या इमारतीत रोझमेरी आणि तिचा नट नवरा राहायला येतात. शेजारी एक म्हातारे जोडपे आहे. फार प्रेमळ! रोझमेरीला दिवस जाताच शेजारीण रोज स्वतःच्या हाताने काढा करून आणते. गळ्यात घालायला ताईत देते. “आमच्याच ओळखीचा डॉक्टर बघ,” म्हणते. तो डॉक्टर पहिलीच गोष्ट सांगतो ती ही, की पुस्तके वाचू नकोस आणि मैत्रिणींचे ऐकू नकोस. श्रोतेहो, ऐंशी वर्षांपूर्वीच्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टराची आठवण झाली ना? फरक इतकाच, की मिचेलचा हेतू वाईट नव्हता. या मंडळींचा डोळा मात्र तिच्या बाळावरच असतो.

या कादंबरीत एक साधासा प्रसंग आहे. रोझमेरी आपल्या जुन्या मित्रमैत्रिणींना घरी बोलावते. मैत्रिणी तिला स्वयंपाकघरात घेऊन जातात, दार लावून घेतात, आणि ती रडत रडत आपल्या पोटातल्या वेदना सांगते. त्या एकमुखाने म्हणतात, “अगं, दुसरा डॉक्टर गाठ!” साऱ्या गोष्टीत तिला मिळालेला शहाणा सल्ला हाच. पुढे ती दुसऱ्या डॉक्टराकडे धावत जाते, पण तो तिला भ्रम झालाय असे समजून नवऱ्याच्या ताब्यात देतो. ती खरे बोलत होती. फक्त कोणी खरे मानले नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की मैत्री पारखायची एक कसोटी हाती लागते. घातकी मैत्री गोड असते की कडू, यावरून ती ओळखू येत नाही. रोझमेरीची शेजारीण गोडच होती, पूतनाही गोडच होती. पाहायचे ते एवढेच, की हे माणूस आल्यापासून बाळंतिणीची इतर माणसे वाढली की तुटली? “कोणाला सांगू नकोस, मी आहे ना,” असे जो म्हणतो, त्याच्यापासून जपावे. “चल, मी तुला दुसऱ्यांकडे घेऊन जाते,” असे जी म्हणते, ती मैत्रीण.

आणि जगाची पारख इथेच चुकते. १८९४ साली शार्लटचा घटस्फोट झाला आणि तिच्या नवऱ्याने लग्न केले ते ग्रेस चॅनिंगशीच. शार्लटने नऊ वर्षांच्या लेकीला त्या दोघांकडे राहायला पाठवले. वर्तमानपत्रांनी काहूर उठवले. ही कसली आई आणि ती कसली मैत्रीण! पण दोघींचे सख्य तुटले नाही. दोघींनी मिळून कॅथरिनला वाढवले. शार्लटच्या अखेरच्या आजारात, १९३५ साली, ग्रेस पॅसाडीनाला तिच्याजवळ होती. ज्या मैत्रीला जगाने घातकी म्हटले, तीच तारक ठरली.

आता तुम्ही म्हणाल, या दूरदेशीच्या गोष्टी. आपल्याकडे बाळंतीण एकटी कुठे असते? पहिले बाळंतपण माहेरी, पाचवीला पूजन, सटवीच्या रात्री जागरण, सव्वा महिना शेक-शेगडी. रूढी चांगल्याच आहेत. बाळंतिणीला एकटी सोडू नये, हेच त्यांचे मर्म. पण त्याच खोलीत मनातले बोलायची सोय नसेल, तर ती खोली पिवळ्या कागदाची व्हायला वेळ लागत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवती स्त्रियांची पाहणी सुरू केली आणि बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस केली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ आयांना नैराश्य होते. दारिद्र्य, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, यांनी ते वाढत होते. गोवा काही आपल्याला परका नाही.

म्हणून गावोगावच्या शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. बाळंतपणानंतरचे चार-सहा दिवस बाईला रडू येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटून गेले, तरी झोप नाही, भूक नाही, बाळाकडे पाहवत नाही, जीव नकोसा वाटतो, असे असेल तर तो आजार आहे. तो बरा होतो. तिला ‘लागीर’ झालेले नाही आणि ती नाटकही करत नाही. हजारी एक-दोन बायकांना भास होतात, भलतेसलते बोलणे सुरू होते. तिथे एक दिवसही न घालवता इस्पितळ गाठावे. आशाताई बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत घरी येऊन जातात. बाळाचे वजन झाले, की आईचेही विचारा, असे त्यांना सांगावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

बाळंतविडा घेऊन आपण जातो, बाळाच्या नाकडोळ्यांचे कौतुक करतो, लाडू खातो आणि उठतो. पुढच्या वेळी उठण्यापूर्वी बाकीच्यांना जरा बाहेर पाठवा, दार लोटून घ्या, आणि बाळंतिणीला विचारा, “तू कशी आहेस गं?” आणि मग ती बोलेपर्यंत बसून राहा.